सोडण

दुकानात खिळ्याला एक हेल्मेट टांगलेलं होतं,
चार वर्षं कुणी उतरवलं नाही.
आत कोळ्यानं जाळं विणायचं, मी झाडायचं,
पुन्हा विणायचं.
गिऱ्हाईक पंक्चर काढून घ्यायचं,
हवा भरताना वर बघून हसायचं:
"काय गो कुंदा, माडाखालून जायला ठेवलंयस?"

मीही हसायचे. म्हणायचे, माडाचंच घे.
चाळीस हातांवरून नारळ पडतो,
कधी वाळूत, कधी पाणंदीत, कधी न्हाणीच्या कौलांवर.
कौल फुटतं, नारळ नाही.
सोडण असतं त्याला.
तोच सोलून देवळाच्या पायरीवर आपट,
एका दणक्यात दोन वाट्या.
आपलं डोकं देवानं सोलूनच पाठवलंय,
शेंडी तेवढी ठेवली.

"सायकलला कसलं हेल्मेट? मोटरसायकलवाले घालत नाहीत."
दहाची नोट, आणि गिऱ्हाईक वळणापलीकडे.

मजीदभाई परकारही असंच म्हणायचे.
पहाटे साडेपाचला गुहागरातून निघायचे,
कॅरियरला निळ्या प्लॅस्टिकखाली पावांची पाटी,
हँडलला रबरी भोंगा.
असगोली, मग पालशेतचा उतार.
गरम पावांचा वास त्यांच्या आधी वळण घ्यायचा.
बत्तीस घरांचा हिशेब तोंडपाठ:
खोतांकडे सहा, मास्तरांकडे चार,
आरेकर काकूंकडे आठ, त्यातले दोन कुत्र्याला.

त्या मार्गशीर्षात
ठेकेदाराची माणसं खडी ओतून गेली होती, पसरली नव्हती.
समोरून एसटी. मजीदभाई कडेला आले.
मागचा ब्रेक लागलाच नाही.
(रबर झिजलेलं. मी म्हटलं होतं, बदलू या.
ते म्हणाले, सोमवारी.)
मैलाचा दगड सिमेंटचा होता.

हातापायाला खरचटलंही नाही फारसं.
पाव रस्ताभर.
आधी कावळे आले, मग माणसं.

तीन महिन्यांनी ते परत सायकलवर.
भोंगा तोच, हिशेब गेलेला.
मास्तरांकडे आठ, खोतांकडे काहीच नाही,
आणि एका बंद फाटकापाशी
उभं राहून वाजवत राहायचं,
तिथली माणसं पनवेलला जाऊन सहा वर्षं झालेली.
कुणी चूक दाखवली नाही.
आठ मिळाले त्यांनी आठ खाल्ले, चहा वाढवला.
आरेकर काकूंचा कुत्रा तेवढा त्या दिवसांत वाळला.

एका सकाळी मी त्यांना थांबवलं,
खिळ्यावरून हेल्मेट काढलं, फुंकर मारली,
पट्टा हनुवटीखाली बसवला, दोन बोटं मावतील एवढा.
म्हटलं, हे ब्रेक लावत नाही, मजीदभाई.
एसटीवाल्याला तुम्हाला दाखवत नाही.
शेणावरून चाक सरकायचं ते सरकणारच.
म्हणून दोन्ही रबरं नवी घातली, मागे लाल काच.
उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आधी मागचा.
पाटी भरलेली असली आणि समोर एसटी दिसली
तर सरळ उतरायचं, लाज कसली.
आणि अगदी कडेनं नाही चालवायची, हातभर आत.
कडेला खडी असते, गटार असतं,
आणि कडेचा माणूस
गाडीवाल्याला माणूस वाटत नाही.

त्यांनी सगळं ऐकलं, शाळेतल्या पोरासारखं.
मग पाटीवरचं प्लॅस्टिक बाजूला केलं:
"बाय, तुमच्याकडे किती असतात?"

आमच्याकडे कधीच नसायचे. आमच्यात सकाळी भाकरी.
बाबांच्या वेळेपासून ओळखायचे ते मला.
"चार," मी म्हटलं.

आता रोज चार.
मी चिपळूणहून दोन हेल्मेटं मागवली.
एक घालून बाजारात जाते,
मच्छीवाल्या विचारतात, कुठं लढाई गो?
दुसरं खिळ्यावर आहे.
कोळ्यानं सुरुवात केलीय.