नमुना बिल

अमळनेरात, डाळमिलच्या वजनकाट्याच्या डोक्यावर माझी खोली.
खाली ट्रक चढतो, वर टेबल हलतं,
आणि मी लिहीत असते अशा यंत्रासाठी
ज्याला सगळं येतं, फक्त थांबता येत नाही.

तीन पानं. साधा मजकूर.
बिलाच्या कोडला हात लावण्याआधी काय बघायचं.
रक्कम पैशांत ठेव, रुपयांत नको.
गोल करायचं ते शेवटी, आणि एकदाच.
जुळत नसेल तर जुळवू नकोस, विचार.

यातलं माझं थोडं.
बाकी दंगल आप्पांचं,
ज्यांनी मिलची खतावणी सांभाळली एकोणतीस वर्षं
आणि एका मे महिन्यात मला शेजारी बसवून
हरवलेले चार आणे दोन दिवस शोधले.

आप्पा परवा जिना चढून आले. दम घेतला.
"काय इकस व तू?"
म्हटलं, शिकवणी. कोड लिहिणाऱ्या यंत्राला.
"यंत्र तुनं?"
नाही.
"वही तरी शे का?"
वहीही नाही. नऊ डॉलर, म्हटलं.
ते खिडकीतून काट्याकडे बघत राहिले.
"पावती देस ना?"

दोन महिन्यांत एकेचाळीस गेले.
एकानं पैसे परत मागितले:
यंत्र आता फार प्रश्न विचारतं.
दिले परत.
तेच तर विकत होते मी.

मग मंगळवारी कुणीतरी तेच फुकट मांडलं.
नाव नवं, माझं गाळलेलं.
ओळीवर बोट ठेवत उतरत गेले
तर चोविसाव्या ओळीला माझंच नमुना बिल, जसंच्या तसं:
शेवभाजी दोन,
कळण्याची भाकरी पाच,
ठेचा एक, रक्कम शून्य, तरी ओळ लिही.

घाईत असेल बिचारा.
किंवा यंत्राला म्हणाला असेल, नाव बदल,
आणि यंत्रानं तेवढंच केलं.

म्हणजे आता कुठल्याशा बर्फाच्या गावात
कुणाचा हिशोब तपासायच्या आधी
आमच्या पाच भाकरी मोजल्या जातात.

आप्पांना सांगितलं. वाटलं, चिडतील.
"ठेचा लिखेल शे ना?"
आहे.
"मंग हिसोब बरोबर शे."
अर्ध्या जिन्यावरून परत हाक आली,
"भाव वाढाव!"

बारा केलेत.
आठवडा झाला, अजून कुणी घेतलं नाही.
खाली ट्रक चढलाय,
काटेवाला आकडा ओरडतो
आणि मी, सवयीनं, तो लिहून ठेवते.