दोन पिंपं आणि एक बाज

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
दाजी पेठेतलं पोर आकडे शिकतं ते असेच:
आज दुसरा, उद्या तिसरा,
चौथ्याला तांब्याभर आंघोळ,
पाचव्याला रात्री दोन वाजता गल्ली जागी.

नान्नाला होडी सुचली
ती कारखाना बंद पडला त्या उन्हाळ्यात.
एकोणतीस वर्षं माग चालवलेला माणूस,
पोहता न येणारा,
अम्माला म्हणाला, ती दोन निळी पिंपं लागतील मला.
अम्मा विड्या वळत होती. सुपातनं मान वर न काढता म्हणाली,
मग पाणी काय तुझ्या टोपीत भरू?
पाचव्या दिवशी रिकामीच असतात की.
तिनं दोरा दातानं तोडला.
आमच्या घरात ह्याला हो म्हणतात.

पिंपं मूळची रंगखात्यातली.
कितीही घासली तरी आत एक जांभळी रेघ राहिलेली.
झाकणांना एम-सील, वर मेण, वर पुन्हा एम-सील.
मधे बाज, जिच्यावर मी जन्मले, नवार अजून शाबूत.
दस्तगीर पंक्चरवाल्यानं बाद ट्यूबा दिल्या
आणि पैशांऐवजी एक चक्कर मागितली.
बुडाला नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स,
साहेब हात जोडून, पालथे.
वल्ह्याला बांबू,
पातं पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं,
कडा ठोकून बोथट केलेल्या, तरी माझं बोट कापलंच.
गाठी मात्र नान्नाच्या.
तुटलेला धागा चालत्या मागावर सांधतात तशा,
बघता बघता झालेल्या
आणि मग कुणालाच न सुटणाऱ्या.

गल्ली येऊन बघून जायची.
कोणी म्हणालं, सोलापुरात होडी? आधी बादली भरू दे.
नान्ना हसला. त्याला ऐकू आलं नव्हतं.
मागांच्या खडखडाटानं त्याचे कान
अर्धे कारखान्यातच राहिलेले.

पाचव्या दिवशी पहाटे छोटा हत्ती केला, हिप्परग्याला.
अम्मा दारातनं एवढंच म्हणाली,
पाणी यायच्या आत या.

तलावात होडी आधी गोल फिरली.
मग उलटी गोल.
दस्तगीर काठावरनं ओरडत होता, डावं मार, डावं!
नान्ना उजवं मारत होता.
माझ्या बाजूला वजन कमी म्हणून
मांडीवर दगड घेऊन बसलेली मी, अकरा वर्षांची,
एका हातात वल्हं, एका हातात नवार.
कधी तरी ती सरळ निघाली.
का निघाली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मधोमध गेल्यावर त्यानं हात थांबवले.
पाणी पिंपांना चाटत होतं, तेही थांबलं.
बराच वेळ गेला.
काही वाजतंय का गं, त्यानं विचारलं.
मी कान दिला. नाही म्हणाले.
पुन्हा ऐक.
नाहीच वाजत, नान्ना.
मलाही, तो म्हणाला,
आणि इतका खूश झाला
की होडी डुलली आणि माझा दगड पाण्यात गेला.

दस्तगीरची चक्कर राहून गेली. ऊन चढलं होतं.
घरी येऊन गाठी सोडवायला संध्याकाळ लागली,
शेवटच्या दोन विळीवर कापल्या.
नान्ना त्या वेळी बाहेर जाऊन उभा राहिला.

दोन वाजता नळ खाकरला.
पाइप पिंपात, मग दुसऱ्या पिंपात,
मग हंडे, मग पातेली, मग पेलेसुद्धा.
एवढं घासूनही त्या आठवड्याचं पाणी
शेवाळाचं लागत होतं.
मी तोंड वाकडं केलं.
अम्मानं तांब्या लावला, घोट तोंडात धरून ठेवला,
गिळला,
आणि विचारलं,
किती खोल होतं रे?
नान्नाला ऐकू आलं नाही.
मी हातानं दाखवलं, इतकं,
आणि हात पुरेना म्हणून
बाजेवर उभी राहिले.