तेरावा महिना

तिरसितबाई सकाळीच आल्या, छत्री न मिटता.
म्हणाल्या, गलाना, माझा पेपर हरवलाय.
हरवलाय म्हणजे कपाटात आहे,
फक्त जगात नाही.

जिम्माच्या ग्रंथालयात वीज दहाला येते.
तोवर मी छापील अंक काढून ठेवला.
कॉफीच्या फळांवरचा काळा रोग, पृष्ठ एकतीस ते चव्वेचाळीस,
कडेला वाळवीनं घेतलेला घास,
आकृती दोनमध्ये फांदीवरच मेलेली फळं,
आणि वर नाव: तिरसित वोल्देसेमायत.

वीज आली. शीर्षक टाकलं
जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत. शून्य.
चिन्हं काढून. शून्य.
एक शब्द गाळला, मग आणखी एक,
शेवटी नुसतं 'कॉफी' उरलं
आणि चाळीस लाख निकाल आले.
बाई हसल्या नाहीत.

मग नावाची मेख सापडली.
आमच्यात आडनाव नसतं,
आपल्या नावामागे बापाचं नाव, की संपलं.
यंत्राला हे कोण सांगणार?
त्यानं मागचं नाव उचललं, त्याचेही दोन तुकडे केले,
तिरसितचं आकसून एक अक्षर झालं आणि एक टिंब.
नैरोबीहून, कंपालाहून, कुठल्याशा डच गावातून
एकेचाळीस जणांनी घेतलेला आधार
'सेमायत, डब्ल्यू. टी.' अशा कुणाच्या खात्यावर जमा.

सेमायत नावाचं कुणी नाही, बाई म्हणाल्या.
वोल्देसेमायत माझे वडील.
बोंगाहून खेचरांवर कॉफीची पोती आणायचे.
सही मागितली की अंगठा.
चष्मा काढून पुसला, परत घातला.
एकेचाळीस?
एकेचाळीस.

पण हा झाला जमाखर्च. मूळ पेपर कुठाय?
अंक पालथा केला, उलगडला, मुखपृष्ठावर बारीक अक्षरात:
पागुमे, १९७९.
साल आमचं. तुमच्या सालाच्या सात-आठ मागे.
यंत्रानं वाचलं, एकोणऐंशीचा लेख
त्र्याऐंशीच्या अहवालाचा दाखला देतोय.
आजोबाच्या बारशाला नातू हजर!
थाप समजून बाजूला टाकला असणार.
आणि दुरुस्तीच्या अर्जावर महिन्यांची घरं बाराच.
पागुमे तेरावा. पाच दिवसांचा, कधी सहा.
त्याला बसवू कुठे?

शाळेत आम्हाला गणिताला एक मास्तर होते, भारतातल्या साताऱ्याकडचे.
काही बिनसलं की पुटपुटायचे,
दुष्काळात तेरावा महिना.
अर्थ सांगितला तेव्हा आम्ही पोरं चक्रावलो.
तेरावा तर दरसाल येतो, मास्तर,
त्यात पाऊस पडला तर अंगावर घ्यायचा, तो पवित्र,
मग नवं वर्ष, पिवळी फुलं.
दुष्काळ वेगळा. तो आला त्या वर्षीही
पागुमे आपल्या दिवशीच आला होता.
मास्तर खडू हातात धरून बराच वेळ गप्प.

मी सप्टेंबर टाकला. साल सत्त्याऐंशी.
खोटं नाही, खरंही पूर्ण नाही.
स्कॅन चढवला, त्यावर वाळवीचा घासही चढला.
उत्तर लगेच आलं, म्हणजे माणसाचं नव्हे:
सहा ते आठ आठवडे.

राहिली खाती जोडायची.
पडद्यावर चौकट उघडली:
'या दोन व्यक्ती एकच आहेत का?'
खाली हो, खाली नाही.
डावीकडे लेक, उजवीकडे अर्धामुर्धा बाप,
नावावर एकेचाळीस दाखले,
आयुष्यात एक ओळ न वाचलेला.

मी माऊस पुढे सरकवला.
बाईंनी हात ठेवला, दाबला नाही.
बाहेर कुणीतरी कॉफी भाजत होतं, धूर आत येत होता.

थांब गलाना, म्हणाल्या,
वीज जायला अजून वेळ आहे ना?