ठरलेली किंमत

विमावाल्यांना फोटो हवेत:
चारही बाजू, इंजिन, आतली गादी,
आणि मैलांचा आकडा.

आकडा पाचच घरांचा.
पहिल्यांदा शून्यावर आला तेव्हा जोरीने
पेन्झान्सच्या चढावर, भर रस्त्यात
गाडी थांबवून चहा टाकला होता;
मागे ट्रॅक्टरवाला भोंगा बडवत.
दुसऱ्यांदा आला तेव्हा केरेन्सा एकटीच होती.
थांबली नाही.

गंज? डाव्या चाकावर, तळहाताएवढा.
रंग? मूळचा नाही. होडीला लावून उरलेला निळा,
जोरीनेच मारलेला, ब्रशने.
ब्रशचा एक केस अजून दारात अडकलाय,
रंगाखाली, वाकडा.

फोनवरचा पोरगा भला होता.
म्हणाला, बाई, नीट रंगवून घ्या,
बहात्तरची व्हॅन आहे, दोन हजार सहज वाढतील.
ती दारावरून बोट फिरवत राहिली.
"तेवढे कमीच धरा."
पलीकडे जरा शांतता, मग टाइप केल्याचा आवाज.

शुक्रवारी पत्र आलं:
सोळा हजार पौंड, उभयपक्षी मान्य.
बॉनेटवरच कागद ठेवून तिने सही केली,
आणि आत बसताना, सवयीने,
डावीकडची सीट मागे सरकवली
त्याच्या गुडघ्यांपुरती.