सेवेचं बिल

शारजात विजेच्या खात्याला सेवा म्हणतात.
एकोणीस उन्हाळे मी तिची सेवा केली
अबू शगाराच्या तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीतल्या त्या डब्यासमोर,
जो रात्रभर दात खायचा
आणि पहाटे टॉवेलात घाम गाळायचा.

फटी बुजवायला चिकटपट्टी होती,
ह्यांचे जुने बनियन होते.
तरी जुलैत पश्चिमेची भिंत तव्यासारखी.
तिला टेकून मी कधी बसले नाही.
तिच्याजवळ विरजण मात्र तीन तासांत लागायचं,
एवढा एक उपकार.

गार पाणी हवं तर बंद गीझरमधलं घ्यायचं,
गरम हवं तर गार नळ सोडायचा:
नव्याने आलेल्या माणसाला हे समजावताना
मला दरवेळी हसू फुटायचं.

आता वाळवंटाकडच्या नव्या वसाहतीत
दोन खोल्या आमच्या नावावर आहेत.
विकणारी मुलगी भरभरून सांगत होती,
काचा दुहेरी, मधे हवा कोंडलेली,
भिंतीच्या पोटात लोकरीसारखं काही,
गच्चीवर उन्हाने तापणारं पाणी.
मी मान डोलावली.
विचारलं एवढंच, हप्ता किती.

ऑगस्टचं बिल आलं.
जुन्या घराच्या निम्म्याहून कमी.
हे म्हणाले, मीटर बिघडलाय, कळवायला हवं.
कागद दोनदा उलटा करून पाहिला.
म्हटलं, गप्प बसा,
चूक आपल्या बाजूची असेल तर असू दे.

शब्बीर परकारांना चहाला बोलावलं.
दापोलीचे. दर मे महिन्यात जाळी धुवायला यायचे,
गॅसचे निम्मे पैसे पुढच्या महिन्यावर सोडायचे.
सवयीने पाना घेऊनच आले.
हॉलमध्ये उभं राहून कान दिला.
"चालू आहे का?"
"चालू आहे. पंचवीसवर."
मग दुपारी दोन वाजता
पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी तळवा लावला,
लेकराचा ताप बघावा तसा,
आणि बराच वेळ काढला नाही.

"आमच्या पोटावर पाय आणलात की, वहिनी."
हसले. पाना टेबलावर ठेवला.
बशीत चहा ओतता ओतता म्हणाले,
"खोलीत आम्ही सात. आठवा डबा.
आठवा दमला की सातही जागे."

मी दही देणार होते बरोबर.
लागलंच नव्हतं.
ह्या घरात विरजणाला अख्खी रात्र लागते.

आणि रात्री मला झोप येत नाही.
इतकं शांत, की ह्यांचा श्वास वेगळा ऐकू येतो,
उरलेले हप्ते मोजत असल्यासारखा.
उठते, दिवा न लावता हॉलमध्ये येते,
पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बसते.

टेबलावर पाना.
विसरले, की ठेवून गेले,
विचारायला हवं.