ओतोतोतोई

हरिपूरला, रिकाम्या पेवाच्या काठाशी
मी एका किंकाळीचं भाषांतर करतेय.

मूळ ग्रीकमध्ये तिला अर्थच नाही:
ओतोतोतोई. नुसता फाटलेला घसा.
पॅरिसच्या कुणा पंडितानं दोनशे वर्षांपूर्वी
तिचे केस विंचरले, पावडर लावली,
'एलास' केलं. हातरुमालात मावेल एवढं.
त्यावरून मी 'हाय रे दैवा' लिहिलं
आणि तालमीत पोरं फिदीफिदी हसली.

राणीचं काम शिवलिंग कोष्टीकडे.
मिशी काढायला तयार नाही.
"मॅडम, तिकडंबी बापयेच करायचे की बायकांची कामं."
करायचे. मतदानही बापयेच करायचे.
बायका माजघरात, गुलाम चांदीच्या खाणीत,
आणि मुखवट्यांआड सगळ्या शहराचं रडणं
बायकांच्या नावावर.

हौसाक्का पलीकडे हळकुंडं निवडत होती.
"कोन मेलंय म्हनायचं?"
मुलगा, म्हटलं. राणीचा.
"पेवात उतरून?"
नाही, लढाईत.
तिनं सूप खाली ठेवलं.
पेवाच्या तोंडावर वाकली
आणि सोडला एक आवाज,
ज्यात ना स्वर, ना व्यंजन.

आधी काहीच नाही.
मग खालून तोच आला, जडशीळ,
पुराच्या साली सडलेल्या हळदीचा वास घेऊन.

शिवलिंगचा हात मिशीवरच राहिला.
मी 'हाय रे दैवा' खोडलं,
पुढे काय लिहायचं ते सुचेना.

हौसाक्का पुन्हा सुपाशी.
पदरानं तोंड पुसत म्हणाली,
"नाटकात ह्याचं पैसं मिळत्यात व्हय?"