उसने अडीच तास

घड्याळ अडीच तास मागे केलं.
शेजारचे परकारचाचा म्हणाले,
"उसने दिलेत रे. परतताना कापून घेतात."
त्यांची ही एकोणिसावी खेप.

खाली कुवेतचे दिवे, पट्टीने आखल्यासारखे,
आणि पलीकडे एकदम काहीच नाही.

काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उलटला:
"बरशुराम?"
त्यांच्यात प नाही, रांगेतून चाचा कुजबुजले.
हो, मीच, म्हणालो.
शिक्का बसला.

खोलीत सहा खाटा, पाचांवर माणसं निजलेली.
आंबोशीच्या पिशवीला विमानाचा वास.
गार पाण्याचा नळ सोडला
तर त्यालाही कढत.

तेवढ्यात फोन. आई.
"पोचलास?"
दोन्ही ओठ नीट मिटले,
मग हळूच, कुणी जागं होऊ नये असं,
म्हणालो, पोचलो गं.

नळ चालूच होता.